यूएसबी ॲडॉप्टर लावला, खरखर गेली आणि परत आली: आता कुठे शोधायचं?

माझं काम मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून शब्दन्‌शब्द उतरवून काढायचं. दिवसाचे सहा-सात तास कानाला हेडफोन. गाणी ऐकणाऱ्याला जी खरखर कधी जाणवणारही नाही ती मला छळते, कारण माणसं बोलता बोलता थांबतात आणि नेमकं तेव्हाच यंत्र बोलायला लागतं. माउसचं चाक फिरवलं की कानात चिर्रर्र. पान सरकायचं थांबलं की शांत. पुन्हा सरकवलं की पुन्हा चिर्रर्र.

यावर जो तो एकच उपाय सांगतो: यूएसबीचा छोटा साउंड ॲडॉप्टर घे. घेतला. खरखर गेली. तीन आठवड्यांनी परत आली. कशीबशी घालवली, तर दोन महिन्यांनी आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला डोक्यात प्रकाश पडला की परत येत होती ती तीच खरखर नव्हतीच. तीन वेगवेगळे आजार होते आणि मी तिन्हींना ‘खरखर’ म्हणून एकच औषध देत बसले होते. यूएसबी ॲडॉप्टर त्यांतला एकच आजार बरा करतो. दुसऱ्याला तो हातही लावत नाही, आणि तिसरा तर कधीकधी तोच सोबत घेऊन येतो.

आधी आवाजाला नाव द्या

आवाजांच्या नावांना मराठीत तोटा नाही, त्याचा इथे फायदा घ्या. एकसारखं ‘सूंऽ’ ऐकू येतंय? चार्जर लावल्यावर जाड ‘घूंऽ’ येतंय? माउस हलवला की बदलणारं ‘चिर्र’ आहे, की बारीक शिट्टीसारखं न बदलणारं ‘टींऽ’? आवाज सुरू होताना आणि संपताना ‘टक्’ होतंय, की मध्येच कढईत मोहरी टाकल्यासारखी ‘तडतड’? ही सहा नावं म्हणजे सहा वेगळे रस्ते आहेत. नाव न ठरवता सेटिंग्ज बदलत बसलात तर दिवस जातो आणि काय केल्यानं काय झालं तेही आठवत नाही.

नाव ठरलं की दोन छोट्या परीक्षा. आवाजाची पातळी खाली-वर करा. खरखर त्याबरोबर कमी-जास्त होत असेल तर ती बहुतेक फाइलमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि ॲडॉप्टर घेऊन काडीचाही उपयोग नाही. जागची हलत नसेल तर ती पुढे कुठेतरी, मशीनमध्ये आकड्यांच्या रूपात असलेल्या ध्वनीचा खरा आवाज झाल्यानंतर, घुसलेली आहे. दुसरी परीक्षा: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. यात जे काय बदलेल ते लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

एक फुकटात बरा होणारा प्रकार इथेच उरकून टाकते. विंडोजमध्ये स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लेव्हल्स’ नावाचा टॅब असतो. काही ड्रायव्हर त्यात माइक आणि लाइन-इनच्याही पट्ट्या दाखवतात. त्या म्यूट नसतील तर रिकाम्या माइकच्या वाटेची सगळी ‘सूं’ थेट तुमच्या कानात ओतली जाते. पट्टीशेजारच्या चिन्हावर टिचकी मारून त्या बंद करा. ड्रायव्हर अपडेट झाला की त्या परत उघडू शकतात, म्हणून ‘परवापर्यंत ठीक होतं’ असं वाटलं की आधी इथे डोकावायचं.

चिर्र: शेजाराचा त्रास

मशीनच्या आत आवाजाचं काम कोडेक नावाची एक चिप करते. १९९७ मध्ये इंटेलनं त्यासाठी एसी-९७ हे मानक आणलं, २००४ मध्ये त्याची जागा हाय डेफिनिशन ऑडिओनं घेतली, आणि आजही पुष्कळ मशीनमध्ये त्याच पद्धतीची, बहुधा रिअलटेकची, चिप बसवलेली असते. ‘आतलं साउंड कार्ड भंगार असतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की काही वर्षं मलाही ते खरं वाटायचं. तसं नाही. डेस्कटॉपवर दिसणाऱ्या एएलसी-१२२० सारख्या चिपच्या माहितीपत्रकात सिग्नल आणि गोंगाट यांतलं अंतर १२० डेसिबल दिलेलं असतं. सोळा बिटांच्या सीडीचं तेच अंतर ९६ डेसिबलच्या आसपास. म्हणजे कागदावर ही चिप सीडीपेक्षा शांत.

चिप चांगली आहे, तिला मिळालेला शेजार वाईट आहे. प्रोसेसरला आणि ग्राफिक्सला वीज पुरवणारे रेग्युलेटर तिच्यापासून काही सेंटिमीटरवर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असतात. ते लाखो ठोके कानाला ऐकू येत नाहीत. ऐकू येते ती कामाची चढ-उतार. पान सरकवलं की ग्राफिक्स जागं होतं, करंट वाढतो. थांबलं की उतरतो. हा करंट परत फिरतो ग्राउंडमधून, आणि कोडेकचा शून्यही त्याच ग्राउंडला बांधलेला. ज्या जमिनीवर उभं राहून उंची मोजायची ती जमीनच हलायला लागली तर मोजमापाचं काय होणार? तेच कानात चिर्र म्हणून येतं.

डेस्कटॉप असेल तर ॲडॉप्टर घेण्याआधी हेडफोन पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावून बघा. पुढच्या जॅकपर्यंत जाणारी पातळ वायर ग्राफिक्स कार्डाला वळसा घालून, पंख्यांच्या अंगावरून सबंध कॅबिनेट ओलांडते आणि वाटेत जे मिळेल ते उचलते. निम्म्या लोकांचं चिर्र इथेच संपत असावं असा माझा अंदाज आहे.

लॅपटॉपला मागचा जॅक नसतो. तिथे यूएसबी ॲडॉप्टर खरोखर कामाला येतो. यूएसबीतून आवाज जात नाही, आकडे जातात, आणि आकड्यांत चिर्र मिसळत नाही. आकड्यांचा आवाज होतो तो बाहेर, त्या अंगठ्याएवढ्या डबीत, रेग्युलेटरांच्या गर्दीपासून दूर. शिवाय पोर्टातून येणारे पाच व्होल्ट डबीतला छोटा रेग्युलेटर पुन्हा एकदा गाळून घेतो. त्यामुळे अगदी साध्या ॲडॉप्टरची चिप कागदावर आतल्या कोडेकपेक्षा कमी ताकदीची असली तरी ऐकताना तो शांत वाटतो. सी-मीडियाची सीएम-१०८ ही अशीच जुनी, १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झपर्यंतची चिप. हौशी रेडिओवाले आजही ती आपल्या जोडण्यांत वापरतात. पाठीवर ‘७.१ चॅनल’ छापलेल्या आणि जॅक मात्र एकच स्टिरिओ असलेल्या डब्यांत बरेचदा हीच, नाहीतर हिचंच भावंड. एका स्टिरिओ जॅकमधून आठ चॅनल निघत नाहीत हे सांगायला नको, पण छापणारे छापतात.

ॲडॉप्टर लावूनही चिर्र थोडं उरलं तर तो थेट मशीनला न टोचता हातभर एक्स्टेन्शन वायर मध्ये घाला आणि दुसऱ्या बाजूचं पोर्ट वापरून बघा. माझं उरलेलं चिर्र एवढ्यानंच गेलं.

घूं: इथे ॲडॉप्टर हात टेकतो

तीन आठवड्यांनी मी टेबलावर विजेवर चालणारे दोन छोटे स्पीकर आणले आणि त्याच ॲडॉप्टरला जोडले. संध्याकाळी चार्जर लावला तर खोलीभर घूंऽ. चार्जर काढला की शांतता. मी ॲडॉप्टरलाच शिव्या घातल्या, दुसरा आणला, तर तीच घूं, तसूभरही फरक नाही. दोन वेगळे ॲडॉप्टर हुबेहूब एकच आवाज देतात म्हणजे दोष ॲडॉप्टरचा नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

याला ग्राउंड लूप म्हणतात. यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा: दोन डेटाच्या, एक पाच व्होल्टची, एक ग्राउंडची. चौथी तार मशीनच्या ग्राउंडला सरळ तुमच्या स्पीकरच्या वायरीशी जोडते, ॲडॉप्टर मध्ये असो वा नसो. तीन पिनांच्या चार्जरमधून लॅपटॉप अर्थिंगला जोडलेला. स्पीकरही तीन पिनांचे असतील तर तेही अर्थिंगला. एक बिंदू दोन वाटांनी जमिनीला टेकला की त्या दोन वाटांचं कडं होतं आणि त्यात विजेच्या लाइनीचा थोडासा करंट फिरत राहतो. ५० हर्ट्झच्या लाइनीवर घूं ५० आणि १०० हर्ट्झची, ६०च्या लाइनीवर ६० आणि १२०ची.

थोडासा म्हणजे किती? समजा ऑडिओ वायरीच्या बाहेरच्या जाळीचा रोध ०.१ ओहम आणि कड्यातला करंट १० मिलिअँपिअर. गुणाकार करा: एक मिलिव्होल्ट. तुमचा आवाज एक व्होल्टचा असेल तर घूं त्याच्या हजारावा भाग, म्हणजे ६० डेसिबल खाली. शांत खोलीत, वाक्यांच्या मधल्या जागेत, ही सहज ऐकू येते. आता ॲडॉप्टरच्या खोक्यावर छापलेलं ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ वाचा. सोळा बिटांचा तळ ९६ डेसिबल खाली आहे आणि तुमची घूं ६०वर बसलेली आहे. चोवीस बिट घेऊन करायचं काय?

खूण सोपी आहे. नुसते हेडफोन लावल्यावर घूं जाते आणि विजेवरचे स्पीकर, ॲम्प्लिफायर किंवा टीव्ही जोडल्यावर येते. डोक्यावरच्या हेडफोनला दुसरी वाटच नसते, तेव्हा कडं पुरं होत नाही. हेडफोनवरही चार्जर लावल्यावर आवाज येत असेल तर तो लूप नव्हे. चार्जरचा स्वतःचा गोंगाट मशीनमध्ये उतरतोय. दुसरा, मूळ बनावटीचा चार्जर लावून खात्री करा. चार्जर दोन पिनांचा असेल आणि लॅपटॉपच्या धातूला हात लावताच घूं कमी होत असेल, किंवा बोटांना हलकी झिणझिणी जाणवत असेल, तर ती चार्जरमधल्या कपॅसिटरमधून झिरपणारी वीज. त्या चार्जरला तीन पिनांची वायर बसत असेल तर ती लावून आणि अर्थिंग असलेल्या सॉकेटात घालून बघा.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. चार्जरची किंवा स्पीकरची तिसरी पिन काढणं, तोडणं, तिच्यावर टेप गुंडाळणं. घूं नक्की जाते. पण ती पिन घूंसाठी नसतेच, आत काही बिघडून धातूच्या खोक्यात वीज उतरली तर तुमच्याऐवजी तिनं ती जमिनीत न्यावी म्हणून असते.

करायचं ते असं. पहिलं, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. कडं लहान होतं आणि कित्येकदा तेवढ्यावर भागतं. माझं अर्धंच भागलं. दुसरं, ॲडॉप्टर आणि स्पीकर यांच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी. आत दोन बारके ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तांब्याची जोडणी तुटते. स्वस्त डबीत ट्रान्सफॉर्मर इतके लहान असतात की तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा मऊ पडतो. मुलाखतींना चालतं, संगीताला मी लावणार नाही. तिसरं, स्पीकरला ऑप्टिकल इनपुट असेल तर ऑप्टिकल आउटपुटचा यूएसबी ॲडॉप्टर. तोशिबानं १९८३ मध्ये आणलेली टॉसलिंक ही जोडणी प्रकाशावर चालते, आणि प्रकाशातून ग्राउंड जात नाही. विषय संपला.

यूएसबी आयसोलेटरही मिळतात. त्यांत एक मेख आहे. ॲनालॉग डिव्हायसेसच्या एडीयूएम-४१६० या चिपवर बनवलेले आयसोलेटर १२ मेगाबिटच्या पुढे जात नाहीत. साधा ॲडॉप्टर १२ मेगाबिटवरच चालतो, त्याला अडचण नाही. पण ४८० मेगाबिटवर चालणारा महागडा डॅक (आकड्यांचा आवाज करणारं यंत्र) त्यामागे लावलात तर तो एक तर खालच्या दर्जाला उतरतो, नाहीतर ओळखच देत नाही, आणि माणूस डॅक बिघडला म्हणून बदलायला निघतो.

टक्, आणि हरवलेला ‘न’

तिसरी खेप सगळ्यांत वाईट, कारण तिथे माझं कामच चुकलं. मी पायाच्या पेडलनं ध्वनिमुद्रण थांबवत-चालवत लिहिते. एका मुलाखतीत बाई म्हणाल्या, ‘मला ते ठाऊक व्हतं.’ मी तसंच उतरवलं. पुढचं वाचताना अर्थ लागेना म्हणून मागे जाऊन सलग ऐकलं तर त्या म्हणत होत्या, ‘नव्हतं’. मी पेडल बरोबर त्या शब्दाआधी सोडून पुन्हा दाबलं होतं. टक् झालं, ‘न’ गिळला गेला आणि उरलं ‘व्हतं’, जे बोलीत ‘होतं’ असतं. एका अक्षरानं साक्ष उलटी झाली.

ही वीजबचतीची करामत. काही सेकंद आवाज नसला की यंत्रणा आवाजाचं उपकरण झोपवते. परत वाजवायला घेतलं की ते उठतं, उठताना टक् करतं, आणि उठेपर्यंतचे काही मिलिसेकंद गडप होतात. आतल्या कोडेकलाही हा रोग असतो, ॲडॉप्टरलाही. ॲडॉप्टरमध्ये तो दोन जागी असू शकतो, कारण पोर्टही झोपतं आणि काही ॲडॉप्टरांची स्वतःची चिपही.

खात्री करायची युक्ती: मागे एखादी जवळजवळ निःशब्द फाइल सलग चालू ठेवा. पूर्ण शून्याची नको, अगदी हलका गोंगाट असलेली, कारण काही चिपा शून्य आकडे दिसले की तेवढ्यावरही डुलकी काढतात. टक् थांबलं तर रोग सापडला.

विंडोजमध्ये पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंग्जमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची चौकट असते, तिच्यातली खूण काढा. लिनक्समध्ये आतल्या कोडेकसाठी इंटेल एचडीए मॉड्यूलच्या पॉवर-सेव्ह या पॅरामीटरला शून्य द्यायचं. तो आकडा सेकंदांचा असतो आणि शून्य म्हणजे झोपायचंच नाही. ॲडॉप्टरसाठी यूएसबी ऑटोसस्पेंड वेगळं बंद करावं लागतं. बॅटरी थोडी लवकर उतरेल. उतरू दे.

हे सगळं करून मी निर्धास्त झाले आणि पंधरा दिवसांत टक् परत. कारण शोधायला एक पूर्ण दुपार गेली. टेबल पुसताना मी ॲडॉप्टर काढून शेजारच्या पोर्टात लावला होता. बस. ज्या उपकरणात सिरिअल नंबर भरलेला नसतो, आणि साध्या ॲडॉप्टरांत तो सहसा नसतोच, त्याला विंडोज पोर्टावरून ओळखतं. पोर्ट बदललं की विंडोजच्या लेखी तो नवा पाहुणा. आवाजाची पातळी, सॅम्पल रेट, एन्हान्समेंट्स (विंडोजनं आवाजावर केलेले संस्कार) बंद केल्याची खूण, सगळं कोरं. ‘सेटिंग्ज आपोआप बदलतात’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं. माझ्या लॅपटॉपवर आता एका पोर्टाशेजारी चिकटपट्टीचा लाल तुकडा आहे.

तडतड आणि टीं, थोडक्यात

तडतड म्हणजे आकडे वेळेवर पोचत नाहीत. यूएसबीवर आवाज ज्या पद्धतीनं जातो तिच्यात वेळेची हमी असते, पण चुकलेला तुकडा परत मागवायची सोय नसते. हार्ड डिस्कवर प्रत करताना एखादा तुकडा चुकला तर पुन्हा पाठवतात. आवाजात गेला तो गेला. म्हणून ॲडॉप्टर वेबकॅम आणि डिस्क लावलेल्या हबात न घालता थेट मशीनला लावा. तरीही तडतड असेल, आणि ती आतल्या जॅकवरही असेल, तर कुठला तरी ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय. विंडोजवर लेटन्सीमॉन हे छोटं साधन दहा मिनिटं चालू ठेवलं की तो सापडतो. पुष्कळदा वाय-फायचा निघतो. वाय-फाय बंद करून ऐकणं ही त्याची गरिबाची परीक्षा.

टीं मात्र खास यूएसबीची देणगी आहे, आतल्या जॅकला ती सहसा नसते. १२ मेगाबिटच्या यूएसबीवर मशीन दर मिलिसेकंदाला एकदा हाक देतं, म्हणजे सेकंदाला हजार वेळा. प्रत्येक हाकेला करंटची छोटी उसळी येते, ती वीज गाळण्यात कमी पडलेल्या ॲडॉप्टरच्या आवाजात उतरते आणि बरोबर १००० हर्ट्झची शिट्टी ऐकू येते. ४८० मेगाबिटवर हाक १२५ मायक्रोसेकंदांनी, म्हणून तिथे शिट्टी ८००० हर्ट्झची, डासासारखी. वायरीवर फेराइटची गोळी चढवा असा सल्ला मिळेल. फेराइट मेगाहर्ट्झच्या गोंगाटाला अडवतं, हजार हर्ट्झ त्याच्यासमोरून हसत निघून जातात. स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब कधी उपयोगी पडतो. नाहीतर ॲडॉप्टर बदलायचा. इथे दोष खरंच त्याचाच असतो.

सूं, आणि बदललेला पोत

कायमची सूं बहुतेकदा जास्त संवेदनशील इअरफोनमुळे उघडी पडते. तेच मशीन मोठ्या हेडफोनवर गप्प असतं. इथे आतला जॅक आणि ॲडॉप्टर दोन्ही लावून ऐकण्याला पर्याय नाही. एक सवय मात्र लावून घ्या: स्पीकर वापरत असाल तर मशीनचा आवाज वर आणि स्पीकरचं बटण खाली ठेवा, उलटं नको. उलटं केलं की स्पीकर सिग्नलबरोबर सूंलाही तितकंच फुगवतो.

खरखरीशी संबंध नसलेली, पण त्याच जॅकची आणखी एक तक्रार येते: ‘या इअरफोनचा आवाज फोनवर वेगळा आणि संगणकावर वेगळा लागतो.’ भास नव्हे, गणित आहे. समजा आतल्या जॅकचा स्वतःचा रोध ३० ओहम आणि इअरफोनचा रोध स्वरानुसार १६ ते ६० ओहम बदलतो. १६च्या जागी व्होल्टेजचा सुमारे ३५ टक्के भाग इअरफोनला मिळतो, ६०च्या जागी ६७ टक्के. फरक साडेपाच डेसिबलचा. गायिकेचा गळा पुढे-मागे सरकल्यासारखा वाटायला तेवढा पुष्कळ आहे. जॅकचा रोध १ ओहम असेल तर हाच फरक अर्ध्या डेसिबलच्याही आत येतो. चांगले छोटे यूएसबी ॲडॉप्टर इथे कित्येक मदरबोर्डांना मागे टाकतात, आणि ‘स्वच्छ’, ‘मोकळा’ असे जे शब्द लोक वापरतात त्यांच्या मुळाशी बऱ्याचदा बिट नसतात, हा भागाकार असतो. उलट ३०० ओहमचे मोठे हेडफोन असतील तर अशा ॲडॉप्टरच्या एखाद-दुसऱ्या व्होल्टात ते पुरेसे वाजत नाहीत, आणि जोरकस आउटपुट असलेल्या डेस्कटॉपचा मागचा जॅक बाजी मारतो.

तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि आपण त्याला पोताचं श्रेय देऊन मोकळे होतो.

घेताना दोन ठिकाणी फसायला होतं. टाइप-सी टोकाचे काही ॲडॉप्टर आतून रिकामे असतात. त्यांत चिपच नसते, ते फोनमधूनच तयार आवाज बाहेर काढतात आणि फक्त तशी सोय असलेल्या फोनवर चालतात. लॅपटॉपला लावले की काहीच होत नाही. डॅक असल्याचा स्पष्ट उल्लेख बघा. दुसरं, यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या आवृत्तीचं उपकरण असेल आणि मशीनवर विंडोज १०ची १७०३ ही २०१७ ची आवृत्ती किंवा त्यानंतरचं काही नसेल, तर ते निर्मात्याच्या ड्रायव्हरशिवाय चालणार नाही. पहिल्या आवृत्तीचे साधे ॲडॉप्टर कुठेही टोचा, बोलायला लागतात.

फट्ट

सातवं नाव सुरुवातीला मुद्दामच घेतलं नाही, कारण ते शोधायला कुठलीही परीक्षा लागत नाही. पिन जरा हलली की फट्ट, मग एका कानातला आवाज गायब, पिन फिरवली की परत. जॅकमधली धातूची जीभ सैल झालेली असते किंवा आत धूळ बसलेली असते. मशीन बंद करून लाकडी काडीनं धूळ अलगद काढा, बरं वाटलं तर ठीक. जीभच सैल झाली असेल तर पुष्कळ लॅपटॉपांत तो जॅक मुख्य बोर्डावर डाग देऊन बसवलेला असतो आणि बदलायचा म्हणजे सगळं मशीन उघडायचं.

माझ्या आधीच्या लॅपटॉपचा जॅक असाच गेला. दिवसातून आठ-दहा वेळा हेडफोन काढ-घाल करून मीच तो झिजवला होता. आताच्या लॅपटॉपच्या जॅकमध्ये अजून एकदाही पिन गेलेली नाही. चिर्र नसतं तरी मी ॲडॉप्टर वापरला असता. झिजेल तर तो झिजेल, आणि तो झिजला की लाल चिकटपट्टीशेजारच्या पोर्टात दुसरा लावायचा.